तटबंदीचा जलमार्ग नकाशावर कसा वाचायचा: मांडवीवरून दार्दानेल्सकडे

गोव्यात मांडवीकाठच्या रेइश मागुश किल्ल्याच्या तटावर सागरी नकाशा, कंपास आणि पेन्सिल घेऊन जा. आधी खोलीचे आकडे जोडून जहाजांची वाट आखा. पाण्याची रुंदी फसवी असते. आग्वादपाशी वाळूचा पट्टा आहे, पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात आणि मोठ्या जहाजाला मोजकीच वाट उरते.

मग किल्ले मांडा: मुखाशी उत्तरेला आग्वाद (1612), दक्षिणेला काबो, आत रेइश मागुश (1551). प्रत्येकाभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढा. जुन्या तोफांचा नेमका मारा फार तर तेवढाच. आग्वाद आणि काबोची वर्तुळं एकमेकांना भिडत नाहीत. म्हणूनच आतली अरुंद जागा, पणजीसमोरची, राखणं भाग होतं.

हीच रीत तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीला, पहिल्या महायुद्धातल्या 1915 च्या लढाईसाठी लावा, पण तिथे पाण्यातल्या सुरुंगांच्या रांगाही काढा. सगळा खेळ त्यातच आहे. चनाक्कले शहरापाशी ही सामुद्रधुनी जेमतेम सव्वा किलोमीटर उरते. सुरुंग काढल्याशिवाय युद्धनौका पुढे जात नाहीत, तोफा गप्प केल्याशिवाय सुरुंग काढता येत नाहीत, आणि टेकड्यांआड जागा बदलणाऱ्या हॉवित्झर, म्हणजे उंच कोनातून मारा करणाऱ्या तोफा, त्या नौकांना सापडत नाहीत.

नेहमीची चूक म्हणजे सगळ्या रांगा आडव्या काढणं. नुसरत या तुर्की जहाजाने 8 मार्च 1915 ला 26 सुरुंग किनाऱ्याला समांतर टाकले, नौका वळतात त्याच उपसागरात. 18 मार्चला बुवे, इर्रेझिस्टिबल आणि ओशन या फ्रेंच-ब्रिटिश युद्धनौका बुडाल्या. तेव्हा वळणाची जागा वेगळ्या रंगात दाखवा.