जाड एक्सल शाफ्ट बनवून घेताय? आधी या चुका टाळा

ऑफ-रोडिंगमध्ये एक्सल शाफ्ट (डिफरन्शियलमधून चाकाला फिरवणारी दांडी) तुटला की जीपवाल्यांच्या ग्रुपमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं, "आता ईएन २४ मध्ये बनवून टाक, विषय संपला". विषय संपत नाही राव. ईएन २४ चांगलंच स्टील आहे, निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमवालं, बाहेर ४३४० म्हणतात साधारण तेच. पण भोसरी असो की कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी, परत आलेला तुटका शाफ्ट हातात घेऊन बघा, स्टील बरोबर असूनही कोपऱ्यात, स्प्लाइनमध्ये (शाफ्टच्या टोकाला कापलेले दात) नाहीतर हीट ट्रीटमेंटमध्ये (तापवून-थंड करून कडक करणं) माती खाल्लेली असते.

म्हणून सगळ्यात आधी, तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका. डिझेलने हलकेच धुवा, तुटलेल्या तोंडावर वायर ब्रश मारू नका आणि दोन तुकडे जोडून "बसतात का" बघत घासत बसू नका, सगळा पुरावा जातो. तोंड सपाट आणि पिळवटल्यासारखं गुळगुळीत दिसत असेल तर शाफ्टवर झेपेल त्यापेक्षा जास्त टॉर्क (पिळणारा जोर) आला. ४५ अंशात स्क्रूसारखं तिरकं फुटलं असेल तर माल ठिसूळ होता, म्हणजे बहुतेक हार्डनिंग जास्त झालं. आणि समुद्राच्या लाटांसारख्या रेषा एका कडेपासून सुरू झालेल्या दिसल्या तर क्रॅक आधीपासून होती आणि हळूहळू वाढत गेली, अशा केसमध्ये नुसतं महाग स्टील घेऊन काही होणार नाही, क्रॅक सुरू कुठून झाली ती जागा शोधा.

सॅम्पल म्हणून तुटका शाफ्ट देणं

"सेम टू सेम बनव" म्हणून तुटका शाफ्ट टर्नरकडे टाकून येणारे खूप. तो शाफ्ट तुटायच्या आधी पिळलेला असतो, स्प्लाइनचे दात झिजलेले असतात, आणि टर्नर बिचारा झीजसुद्धा इमानदारीत कॉपी करतो. माप न झिजलेल्या शाफ्टवरून घ्या आणि नवीन साइड गिअर (डिफरन्शियलमधला, ज्यात शाफ्टचं टोक बसतं) सोबत घेऊन जा, स्प्लाइन त्याच्यात बसवून बघितल्याशिवाय शॉपमधून निघू नका. डावा-उजवा शाफ्ट बऱ्याच गाड्यांत वेगळ्या लांबीचा असतो. जुन्या जीपवाल्यांनी तर दात मोजल्याशिवाय काही बोलूच नये, डॅना ४४ या एक्सलमध्ये १०, १९ आणि ३० दातांचे शाफ्ट येऊन गेलेत. दात मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड (दातांचं अंतर समान ठेवणारं साधन) लावून एकेक कापणार की हॉबिंग (फिरत्या कटरने सगळे दात सलग कापणं) करणार हेही विचारा. मिलिंगला बंदी नाही, पण कटरचा प्रोफाइल चुकला तर लोड दोन-चार दातांवरच येतो आणि तेच आधी जातात.

सगळीकडे जाड केलं की झालं, असं समजणं

पीळ सहन करायची ताकद व्यासाच्या घनात वाढते. ३० मिमीचा शाफ्ट ३३ केला, फक्त १० टक्के जाड, तर ताकद साधारण ३३ टक्के वाढते. ऐकायला भारी, पण स्प्लाइन जुनाच ठेवून मधली दांडी जाड केली तर फायदा शून्य, कारण तो तुटणार सगळ्यात बारीक जागी, म्हणजे स्प्लाइनच्या मुळाशी. उलट मधली दांडी स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक ठेवलेली बरी, झटका आला की पूर्ण लांबी थोडी पिळते आणि झटका पचवते. खरी जाडी वाढवायची तर साइड गिअर, बेअरिंग, सील सगळं मोठं लागतं, मग खर्चाचा हिशोब वेगळा.

कोपरा

हा मुद्दा सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. फ्लँज (चाक ज्यावर बसतं ती चकती) जिथे दांडीला मिळतो तिथे नख फिरवा. नख अडकलं, काटकोनात खाच लागली, तर शाफ्ट परत द्या, पैसे नंतर बोला. तिथे निदान ३ मिमी रेडियस (गोलाई) हवा आणि टूलचे चरे पॉलिश पेपरने काढलेले हवेत. ड्रॉइंगवर रेडियस लिहिला नाही तर टर्नर हातात असलेल्या टूलने कापून मोकळा होतो, त्याची चूक नाही. नाव किंवा नंबरचा पंच दांडीवर मारू देऊ नका, मारायचाच तर टोकाच्या सपाट तोंडावर.

आणि फ्लँज वेल्ड करून देतो म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार. ०.४ टक्के कार्बनच्या या स्टीलमध्ये वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते, ती कधी दगा देईल सांगता येत नाही. मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग असेल तर शाफ्टवर गाडीचं वजनही असतं, म्हणजे शाफ्ट गेला तर चाकही बाहेर येऊ शकतं.

हीट ट्रीटमेंट "करून टाक" म्हणणं

बार घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा, शंका असेल तर एक तुकडा कापून स्पेक्ट्रो लॅबला (स्टीलमध्ये काय काय आहे ते तपासणारी) द्या, ईएन २४ च्या नावाखाली ईएन ८ खपवायचे प्रकार होतात. ईएन ८ साधं कार्बन स्टील, जाड बारमध्ये आतपर्यंत हार्ड होत नाही. आता "एकदम कडक करा" ही ऑर्डर सगळ्यात घातक. आरपार ५५ एचआरसी (कडकपणाचं माप) केलेला शाफ्ट दगडावर आपटला की खडूसारखा जातो. गाभा २८ ते ३२ एचआरसी, वर इंडक्शन हार्डनिंगने (विजेच्या कॉइलने फक्त वरचा थर तापवून कडक करणं) ५० ते ५५, मग टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला परत थोडं तापवणं), असं लेखी द्या. हार्ड झालेला पट्टा कोपऱ्यात किंवा स्प्लाइन संपते त्याच रेषेवर थांबायला नको, जिथे तो थांबतो तिथेच नवीन कमजोर जागा तयार होते.

हार्डनिंगनंतर शाफ्ट वाकतोच, म्हणून दोन्ही टोकांची सेंटरची भोकं ठेवायला सांगा, नाहीतर डायल लावून रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) बघणार कशावर? शेवटी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट (चुंबकाने बारीक तडे शोधणं), खर्च फार नसतो. गंज नको म्हणून झिंक किंवा हार्ड क्रोम मारायची हौस असेल तर प्लेटिंगनंतर लगेच बेकिंग (भट्टीत तापवणं) पाहिजे, नाहीतर हायड्रोजन आत शिरून कडक स्टील उभं असतानाही तडकू शकतं. मी तर म्हणतो ऑइल लावा आणि गप बसा.

नवीन शाफ्टही तुटला, किंवा दुसरंच काहीतरी तुटलं

महिंद्राच्या जुन्या थार सीआरडीईचं उदाहरण घ्या, इंजिनचा टॉर्क २४७ एनएम (न्यूटन मीटर). पहिला गिअर, लो रेंज (४x४ चा जास्त जोर देणारा गिअर) आणि डिफ (डिफरन्शियल) मिळून समजा ४० पट, म्हणजे कागदावर जवळपास ९,९०० एनएम. पण एका चाकावर ६०० किलो वजन आणि टायरची त्रिज्या ३७ सेमी धरली तर कोरड्या खडकावरसुद्धा २,२०० एनएमच्या आसपास टायर घसरतो. म्हणजे सावकाश चढताना शाफ्टला तेवढाच लोड. मारतो तो झटका, चाक हवेत भन्नाट फिरतंय आणि अचानक दगडावर बसतं. पावसाळ्यात चिखलात रेस देत बसलात आणि खालून कातळ लागला की तेच. इथे शाफ्टपेक्षा उजव्या पायाचा इलाज आधी करा.

शाफ्ट खरंच मजबूत झाला तर पुढची कमजोर कडी तुटणार, पुढच्या एक्सलला सीव्ही जॉइंट किंवा क्रॉस (वळणाऱ्या चाकाला ताकद देणारे सांधे), मागच्याला साइड गिअर नाहीतर पिनियन (डिफ फिरवणारा छोटा गिअर). शाफ्ट जंगलात तासाभरात बदलता येतो, डिफ उघडायचा झाला तर गाडी ओढूनच न्यावी लागते. ट्रेलवर स्पेअर काय न्यायचं हे या हिशोबाने ठरवा, आणि जुना चांगला कंपनीचा शाफ्ट विकू नका.

बसवल्यावर एंड प्ले (शाफ्टची आत-बाहेर हलायची मोकळीक) आणि सीलची जागा तपासा. बसवायच्या आधी दांडीवर टोकापासून टोकापर्यंत पेंटची सरळ रेघ मारून ठेवा, सर्व्हिसिंगला शाफ्ट काढाल तेव्हा रेघ तिरकी झालेली दिसली तर तो कायमचा पिळलाय, परत घालू नका.