ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वतः उघडताय? मग या चुका टाळा

ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी ओव्हरहॉल करता येतो. मी केलाय, एकदा बिघडवलाही आहे. लोक माझ्याकडे येतात ते मात्र सगळं बसवून झाल्यावर, "किट (सील, गॅस्केट, प्लेटांचा बदली संच) नवीन टाकलं तरी गाडी हलत नाही" म्हणत. किट बिचारं काय करणार?

सगळ्यात महागात पडणारी चूक टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्याची. कन्व्हर्टर नुसता आत सरकवायचा नसतो, तो तीन ठिकाणी बसावा लागतो: इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (दांड्यावरच्या उभ्या खाचांवर), स्टेटरच्या (कन्व्हर्टरमधलं ऑईल वळवणारं चाक) स्प्लाइनवर आणि शेवटी ऑईल पंपाच्या आतल्या गिअरमध्ये. हलकेच फिरवत दाबला की एकेक टप्प्याला तो 'टक्' करून आत उतरतो. दुसऱ्या टक्‌ला माणूस खूश होतो आणि तिथेच फसतो.

माझ्या पहिल्या गिअरबॉक्सला मीही फसलो. रात्र झालेली, पाठ मोडलेली, बॉक्स जॅकवर चढवलेला. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडला जाणारा घंटेसारखा भाग) आणि इंजिनात बोटभर फट राहत होती. म्हटलं, बोल्ट आवळले की येईल जवळ. आळीपाळीने आवळत गेलो आणि फट खरंच मिटली! सकाळी इंजिन चालू केलं तर कण्हल्यासारखा आवाज आला, आणि कुठलाच गिअर लागेना. पुन्हा सगळं खाली. कन्व्हर्टरचा हब (मागे निघालेली नळी) पंपाच्या गिअरमध्ये न बसता त्याच्या दातांवर टेकला होता, आणि बोल्टांनी तो तसाच आत रेटला होता. गिअरचे दात तुटलेले, पंपाच्या बॉडीला तडा, आणि धातूचा चुरा सगळीकडे. एका रात्रीच्या घाईपायी नवा पंप आणि पूर्ण बॉक्स पुन्हा धुणं.

तेव्हापासून कन्व्हर्टर बसवला की बेल हाउसिंगच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून आतली खोली मोजतो आणि खडूने हाउसिंगवरच लिहून ठेवतो. बॉक्स इंजिनाला हाताने टेकला पाहिजे, बोल्टने ओढून नव्हे. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनावरची पातळ चकती, जिला कन्व्हर्टर जोडतात) थोडी फट उरली पाहिजे, बऱ्याच बॉक्सना साधारण ३ ते ५ मिमी. फट नाही, फिरत नाही, तर उतरवा. आळशीपणा करायची ही जागा नव्हे.

दुसरी चूक कूलरची, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणाऱ्या जाळीची. जुन्या बॉक्समधल्या क्लच (गिअर लावणारे प्लेटांचे संच) जळाल्या, तर त्यांची काजळी आणि धातूचे कण ऑईलबरोबर कूलरमध्ये जाऊन बसलेले असतात. लोक बॉक्स आरशासारखा चकचकीत करतात आणि जुना कूलर तसाच जोडतात. मग नव्या क्लचना पहिल्याच दिवशी जुन्यांची राख पाजली जाते. मी कूलर आधी उलट्या दिशेने धुतो, मग सुलट्या, आणि स्वच्छ ऑईल येईपर्यंत थांबत नाही. सगळं जोडल्यावर परतीची नळी बाटलीत सोडून प्रवाह बघतो. इंजिन आयडलला असताना ढोबळमानाने २० सेकंदांत एक लिटर तरी यायला हवं. आत बारीक जाळीचा कूलर असेल तर धुण्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ नवा बसवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. फ्रिक्शन प्लेटा (क्लचमधल्या घर्षणाच्या चकत्या) कोरड्या बसवू नका, किमान अर्धा तास ऑईलमध्ये बुडवून ठेवा. थ्रस्ट वॉशर (फिरत्या भागांमधल्या पातळ चकत्या) चिकटवायला साधं ग्रीस नको. ते ऑईलमध्ये विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं. व्हॅसलीन वापरा. सुती चिंधीने पुसू नका, तिचे धागे व्हॉल्व्ह अडकवतात. लिप सीलची (पातळ ओठ असलेलं रबरी सील) ओठाची बाजू नेहमी दाबाकडे. व्हॉल्व्ह बॉडीचे (ऑईलचा दाब वाटून गिअर बदलणारा व्हॉल्व्हचा ठोकळा) बोल्ट इंच-पाउंडात (आवळण्याच्या जोराचं माप) दिलेले असताना फूट-पाउंडात आवळणारे महाभागही भेटलेत; बारापट जोर, मग ॲल्युमिनियमचे आटे हातात येतात.

व्हॉल्व्ह बॉडी उचलण्याआधी फोटो काढा. खालून चेक बॉल (ऑईलची वाट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या छोट्या गोळ्या) टपाटपा पडतात आणि कुठला कुठे होता हे नंतर कुणाला आठवत नाही. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या टेबलावर शेवटी एक गोळी उरतेच.

प्रत्येक क्लच पॅकची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. ती बरोबर आली तरी बॉक्स बंद करू नका. केसच्या भोकांतून साधारण ४० पीएसआय दाबाची हवा सोडून प्रत्येक क्लचचा पिस्टन 'ठप्' करून हलतो का ते ऐका. नुसती फुसफुस आली तर सील कापलंय. पाच मिनिटांचं काम असूनही नवशिके हेच गाळतात, आणि कापलेलं सील रस्त्यावर कळतं.

आणि उघडायच्या आधी बिघाड ओळखा. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) ४एल६०-ई गिअरबॉक्समध्ये दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले तर पहिला संशय सन शेलवर (मधल्या सन गिअरला फिरवणारं पत्र्याचं कवच) घ्यायचा. लक्षण न बघता सरसकट प्लेटा बदलणारा माणूस तुटलेलं शेल तसंच परत आत बसवू शकतो.

ऑईल थंड इंजिनावर, अंदाजाने 'फुल' करू नका. बहुतेक बॉक्सची पातळी गरम ऑईलवर, इंजिन चालू ठेवून बघतात. पार्कमध्ये की न्यूट्रलमध्ये ते मॅन्युअल सांगेल. काही दिवस चालवून मी पॅन (बॉक्सच्या तळाचं ऑईलचं भांडं) पुन्हा उतरवतो. त्यातल्या चुंबकावर करडा बारीक लेप असेल तर ठीक, पुसून परत लावतो. चमकणारे तुकडे दिसले तर बॉक्स त्याच दिवशी पुन्हा टेबलावर घेतो.