अपडेटची सूचना कोणाच्या मेलबॉक्समध्ये जाते?

नागपुरात सीताबर्डीवरच्या एका लहान कंपनीत क्लाउड ईमेलच्या देखभालीच्या कामावर मी रुजू झालो, तेव्हा नवी खाती उघडणे आणि विसरलेले पासवर्ड बदलून देणे एवढेच हे काम असावे, अशी माझी समजूत होती. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोडली.

तिथल्या लेखापालांच्या संगणकावरचे मेलचे सॉफ्टवेअर, आउटलुक २०१३, सकाळपासून सारखा पासवर्ड मागत होते. मी तो तीन वेळा बदलला. ब्राउझरमध्ये तो चाले, आउटलुकमध्ये चालत नसे. त्यात भर म्हणजे शेजारचा स्कॅनर बिनदिक्कत मेल पाठवत होता. “भाऊ, मशीनची मेल जाते अन् माझीच कशी अडते?” या त्यांच्या प्रश्नावर मी गप्प राहिलो.

मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या क्लाउड ईमेल सेवेतील बेसिक ऑथेंटिकेशन, म्हणजे प्रत्येक जोडणीच्या वेळी नाव आणि पासवर्ड पाठवण्याची जुनी पद्धत, टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली होती. कारण तिच्यात ओटीपीसारखी दुसरी पडताळणी बसत नाही आणि चोरलेला पासवर्ड तेवढ्यावरच चालून जातो. आउटलुक २०१३ ला अशी पडताळणी चालणारी नवी पद्धत येते, परंतु रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींतली, सेटिंग बदलल्याशिवाय ती सुरू होत नाही. स्कॅनरचा एसएमटीपीचा, म्हणजे फक्त मेल पाठवण्याचा, मार्ग त्या फेरीतून वगळलेला होता, म्हणून तो चालू राहिला. कारण कळल्यावर दुरुस्तीला पंधरा मिनिटे लागली. कारण कळायला मात्र सारा दिवस गेला.

खरे तर ही तारीख सप्टेंबर २०२१ मध्येच जाहीर झाली होती आणि अ‍ॅडमिन सेंटरमध्ये, म्हणजे कंपनीची सगळी खाती सांभाळण्याच्या वेबपानावर, मेसेज सेंटर या भागात सूचनाही येत होत्या. पण अ‍ॅडमिन खाते मालकांच्या भाच्याच्या नावावर होते आणि तो केव्हाच पुण्याला नोकरीला गेला होता. तेव्हापासून नव्या ग्राहकाकडे गेल्यावर संगणक किती हे विचारण्याआधी मी अ‍ॅडमिन खाते कोण उघडतो, हे विचारतो.

नवख्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावी. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ‘टार्गेटेड रिलीज’ निवडून तीन-चार जणांनाच नवे बदल आधी देता येतात. गूगल वर्कस्पेसमध्ये ‘रॅपिड’ (बदल लगेच) आणि ‘शेड्यूल्ड’ (बदल थोडे उशिरा) असे दोन मार्ग आहेत. बदल आधी मिळणाऱ्या तीन-चार जणांत मालकांना घेऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. ऑफिस अ‍ॅप्ससाठी मी मंथली एंटरप्राइज चॅनेल हा अपडेटचा मार्ग ठेवतो, ज्याचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. हा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो आणि विक्रीच्या मासिक जीएसटी विवरणपत्राची, म्हणजे जीएसटीआर-१ ची, मुदत ११ तारखेची असते, म्हणून लेखा विभागाचे संगणक मी नेहमी शेवटच्या तुकडीत ठेवतो.

सध्या विचारणा होते ती नव्या आउटलुकविषयी. त्यात जुनी कॉम अ‍ॅड-इन्स, म्हणजे आउटलुकला जोडलेली जुन्या पद्धतीची पूरक सॉफ्टवेअर, चालत नाहीत. तेव्हा नव्या आउटलुकवर नेणारे वरच्या कोपऱ्यातले बटण सरकवण्याआधी फाइल मेनूमधील ऑप्शन्समध्ये जाऊन अ‍ॅड-इन्सची यादी पाहावी, आणि बिले पाठवणारे किंवा फायली जतन करणारे एखादे कॉम अ‍ॅड-इन रोजच्या वापरात असेल, तर तो संगणक तूर्त जुन्याच आउटलुकवर राहू द्यावा.