तेरा आकडी तारखा आणि बाबांचे एसएमएस

बाबा गेल्यावर त्यांच्या जुन्या फोनमधले एसएमएस मी फाइलमध्ये उतरवून घेतले. मजकूर नीट आला, पण तारखेच्या जागी १५७७८३६८००००० असे तेरा आकडी आकडे. कोणता निरोप कधीचा, काही कळेना.

हा युनिक्स टाइमस्टॅम्प. १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिचच्या वेळेने) किती काळ गेला, एवढंच तो मोजतो. एक्सेलमध्ये मी आकड्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं, त्यात २५५६९ मिळवले आणि खान्याला तारखेचं फॉरमॅट दिलं. एक्सेलच्या दिवसमोजणीत १ जानेवारी १९७०चा तोच क्रमांक आहे. पण खान्यात नुसत्या हॅशच्या खुणा! दहा आकडे असतील तर सेकंद, तेरा असतील तर मिलिसेकंद, हे तेव्हा लक्षात आलं. मग ८,६४,००,०००ने भागलं आणि वरचा आकडा १ जानेवारी २०२० झाला.

तरी काहीतरी खटकत होतं. बाबा रोज पहाटे पाचला ‘उठलास का?’ विचारायचे, इथे ते आदल्या रात्री साडेअकराला दिसत होते, तारीखही एक दिवस मागे. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, ते मिळवायचंच राहिलं होतं. शेवटी सूत्र असं झालं:

=ए२/८६४००००० + २५५६९ + ५.५/२४

(ए२ म्हणजे आकड्याचा खाना.) ते खालपर्यंत ओढलं आणि सगळे निरोप आपापल्या पहाटेला परत आले.