शिंगराचे पहिले दिवस

घोडी व्यायल्यावर शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत पिऊ लागावं आणि घोडीची वार (गर्भाचं वेष्टण) तीन तासांत पडावी. यातलं काहीही लांबलं तर पशुवैद्यकाला बोलवा. वार हाताने ओढू नका. तुकडा आत राहिला तर घोडीला ताप येतो, खुरंही सुजतात.

खरा जीव चिकात, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधात. शिंगराला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच येते. आतडं ती पहिले 12 तासच नीट शोषतं, 24 तासांनंतर जवळजवळ नाहीच. सड धरत नसेल तर घोडीचाच चीक पिळून बाटलीने दर तासाला 250 ते 500 मिली पाजा. उभं असतानाच, मान वर न ओढता. नाहीतर चीक फुफ्फुसात जातो. (खरवसाचा मोह इथे नको!)

नाळ कापू नका, आपोआप तुटू द्या. बेंबीशी उरलेलं टोक 0.5 टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात दिवसातून दोन-तीनदा बुडवा. पहिली काळी, घट्ट लीद 24 तासांत पडली नाही आणि शिंगरू शेपटी उचलून कुंथत असेल, तर ती अडकली समजा.

दुसऱ्या आठवड्यात पातळ हागलं, पण पितंय, ताप नाही, तर ढुंगण धुऊन व्हॅसलीन लावा, बास. सुस्त पडलं तर थांबू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

कराड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात वाढे (उसाचे शेंडे) सहज मिळतात, पण त्यांतलं ऑक्झॅलेट हे द्रव्य चाऱ्यातलं कॅल्शियम अडकवतं. दूध पाजणाऱ्या घोडीची भिस्त त्यांवर नको. सुका चारा आणि लसूणघास द्या.