रॉटवायलर आणताय? पहाटे साडेपाचला कोण उठणार ते आधी ठरवा

बंडू आमच्याकडे आला तेव्हा १३ महिन्यांचा होता आणि वजन ४२ किलो. पुतण्याने तो पिंपरीतल्या गोडाऊनच्या राखणीसाठी घेतला होता. तेव्हा त्याचं नाव सुलतान. दिवसभर दोन हात साखळी, रात्री शटर पडलं की मोकळा. माणूस म्हणजे एक तर ताटली ठेवणारा, नाहीतर काठी आपटणारा, एवढीच त्याला माणसांची ओळख. एक दिवस फोन आला, "काकू, तुमच्याकडे अंगण आहे. तुम्ही नेता का? नाहीतर कुठेतरी सोडून द्यावा लागेल." आम्ही त्याला साताऱ्याला घेऊन आलो. त्याने एका हमालाचा हात दातांत धरला होता, हे फोनवर कुणी सांगितलं नाही. ते मला तीन आठवड्यांनी कळलं, दूध घालणाऱ्या मुलाची पँट फाटल्यावर.

मुलाच्या पायाला दात लागले नव्हते. तरी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो, डॉक्टरांकडून तपासून घेतलं. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याची आई मला एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही तर शाळेत पोरं सांभाळता ना?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. तो प्रश्न मी घरी घेऊन आले आणि त्या दिवसापासून शिकायला बसले. बंडू आता सहा वर्षांचा आहे. पुढे लिहिलंय ते या पाच वर्षांत करून बघितलेलं आहे.

जातीचं नाव किती मनावर घ्यायचं

आमच्या गल्लीत दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, "रॉटवायलर? तो मालकालाही सोडत नाही." दुसरे म्हणतात, "कुत्रं कधीच वाईट नसतं, सगळं मालकावर असतं." दोघांचंही मला पुरतं पटत नाही.

रॉटवायलर हे नाव जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून आलं. तिथले खाटीक या कुत्र्यांकडून गुरं हाकून घेत, मांसाच्या गाड्या ओढून घेत. म्हणजे मूळचं कष्टकरी जनावर. माझ्या लहानपणी लोक अल्सेशियनला टरकायचे, मग डॉबरमनची पाळी आली, आता पिटबुल आणि रॉटवायलर. एवढ्या वर्षांत कुत्र्यांच्या जाती काही बदलल्या नाहीत. ज्या काळात जी जात रुबाबासाठी घेतली गेली आणि बांधून ठेवली गेली, तिचं नाव खराब झालं. पिटबुलचा जबडा कुलपासारखा अडकतो हेही खरं नाही, तशी काही रचना त्याच्या तोंडात नसते.

२०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक त्याच्या जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. कुत्रा किती लवकर बिथरतो, हे तर जातीवरून जवळजवळ ओळखता येत नाही.

मग रॉटवायलर आणि पामेरियन सारखेच का? अजिबात नाही. पामेरियन चावला तरी इंजेक्शनं घ्यावीच लागतात, पण ४५ किलोंचा कुत्रा अंगावर आला तर माझ्या वर्गातलं पोर उभंच राहू शकणार नाही. छोट्या कुत्र्याच्या मालकाच्या चुका पोटात घातल्या जातात. आपली एकही चूक पोटात घातली जात नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्याला हे जाचक वाटतं त्याने एवढा मोठा कुत्रा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा असं राज्यांना कळवलं. त्यात रॉटवायलरही होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. त्या मधल्या दिवसांत मला तीन फोन आले, "आमचा घेता का?" तिन्ही कुत्रे दोन वर्षांच्या आतले होते आणि तिन्ही बांधलेले होते.

घेताना

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं असेल तर घेऊ नका. नियमानेही ते विकता येत नाही. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की खेळ थांबतो, हा धडा पिल्लू त्याच आठवड्यांत शिकतं. पिल्लाच्या आईला तिच्या जागेवर जाऊन बघा. फोटो आणि व्हिडिओवर पैसे पाठवू नका. आई आपल्याला बघून कोपऱ्यात दबत असेल किंवा साखळी तोडायला बघत असेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत या. रजिस्ट्रेशनचे कागद वंशावळ सांगतात, स्वभाव सांगत नाहीत.

मोठा कुत्रा घेत असाल तर तोंडावर विचारा, "आजवर कुणाला दात लावलेत का? कधी, कुठे, त्याआधी काय झालं होतं?" मी हे विचारलं नव्हतं.

आणि घरात ठरवा, पहाटे कोण उठणार. आमच्याकडे साडेपाचला मी आणि रात्री नवाला आमचे हे, असं वाटून घेतलंय. पावसाळ्यातही. बंडूचं खाणं, औषधं मिळून महिन्याला आठ हजारांच्या घरात जातात, तेही आधी वहीत मांडून बघा.

पिल्लाचे पहिले आठवडे

तीन ते साधारण चौदा आठवडे या वयात पिल्लाने जे शांतपणे पाहिलं, ते त्याला पुढे जन्मभर ओळखीचं वाटतं. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन फिरवा. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, बुरखा, रेनकोट, बँडवाले, कुकरची शिट्टी, शाळा सुटतानाचा गोंगाट. रोज थोडं, लांबून, आणि पिल्लू खात असेल तरच. खाणं सोडलं म्हणजे ते घाबरलंय, आणखी लांब जा.

मोठा कुत्रा आला तर

पहिले तीन आठवडे पाहुणे नकोत. मी नेमकी उलटी वागले, सगळ्या गल्लीला बंडू दाखवला. त्याला एक कोपरा द्या, ठरल्या वेळी खाणं, ठरल्या वाटेने फिरणं, बाकी काही मागू नका. आम्ही नाव बदललं तेही विचार करूनच. "सुलतान" म्हटलं की तो अंग चोरायचा. बंडू म्हटल्यावर गल्लीतल्या पोरांच्या आवाजातही फरक पडला.

एक ट्रेनर आले होते. त्यांनी काटेरी पट्टा घालून कुत्र्याचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले आणि "आता याला मालक कोण ते कळेल" म्हणाले. मी त्यांना चहाही न देता पाठवलं. ट्रेनर बोलावताना एकच प्रश्न विचारा: "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" उत्तरात मारणं, लटकवणं, उताणं पाडणं आलं की फोन ठेवा. मार खाऊन गप्प झालेला कुत्रा शिकलेला नसतो, दबून वाट बघत असतो.

आमचे चार शब्द आहेत: बस, थांब, सोड, चल. घरात सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. आजीने "बैस रे" आणि मुलाने "सिट" म्हटलं तर त्याने काय समजायचं? एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. "सोड" शिकवताना तोंडातलं ओढायचं नाही. त्याहून चांगलं काही नाकापुढे धरायचं, त्याने सोडलं की ते द्यायचं आणि शक्य असेल तर पहिली वस्तूही परत द्यायची. खाण्याच्या भांड्याजवळही तसंच: जाताजाता भांड्यात काहीतरी चांगलं टाकून पुढे जायचं. सहा महिन्यांनी बंडू मी जवळ गेले की भांड्यातून तोंड काढून वर बघायला लागला.

गुरगुरलं तर ओरडू नका

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना. तिच्यावर फटका दिला तर तो सूचना देणं बंद करतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. "काही न सांगता चावला" अशा ज्या घटना मी जवळून पाहिल्या, त्या सगळ्या घरांत आधी गुरगुरण्याबद्दल मार बसलेला होता.

गुरगुरण्याच्याही आधी तो बोलत असतो. तोंड फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. अंग लाकडासारखं ताठ झालं आणि शेपूट वर धरून तुटक हलत असेल तर तो खुशीत नाही. तेव्हा त्याच्याशी नजर न भिडवता अंतर वाढवा. नंतर शांतपणे लिहून ठेवा: कोण होतं, किती लांब, काय आवाज होता. बंडूच्या वहीत पहिल्या महिन्यात अकरा नोंदी होत्या, त्यांतल्या आठ हातात काहीतरी लांब घेतलेल्या माणसांच्या होत्या. झाडू, छत्री, काठी. मग आम्ही झाडूपासूनच सुरुवात केली. झाडू अंगणाच्या त्या टोकाला, चिकन इकडे.

शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी डॉक्टर. या जातीत खुब्याचे सांधे दुखतात, कान दुखतात, गोचीड-ताप येतो. नसबंदी कधी करायची तेही डॉक्टरांशी बोलून ठरवा, मोठ्या जातीत घाई नको. बंडूची १९व्या महिन्यात केली. नसबंदीने शिस्त लागत नाही, ती तुम्हालाच लावावी लागते.

मुसकी

मळणीच्या बैलाला मुसकी घातलेली आपण पाहिलीय, तेव्हा कुणी बैलाला खुनी म्हणत नाही. कुत्र्याला मात्र मुसकी घातली की लोक वाकडं बघतात. बघू देत. जाळीची, टोपलीसारखी घ्या, आत तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, धापता आणि पाणी पिता आलं पाहिजे. कुत्रा धापूनच अंग थंड ठेवतो, त्यामुळे कापडी पट्टी तोंडाला आवळून फिरायला नेणं उन्हात जिवावर बेतू शकतं.

सवय अशी लावली: पहिले चार दिवस मुसकी नुसती जमिनीवर, आत दही चोपडलेलं. मग तो स्वतः तोंड घालायला लागला. मग पट्टा मागे नुसता टेकवायचा, मग दोन सेकंद लावायचा, मग दहा. आम्हाला १८ दिवस लागले. आता मुसकी हातात घेतली की तो शेपूट हलवत येतो, कारण ती म्हणजे फिरायला जाणं.

आम्ही साताऱ्यातल्या चार भिंती टेकडीच्या वाटेने चढतो. दोरी सहा फुटी, जाड, हाताला गुंडाळायची नाही, नाहीतर बोटं मोडतात. समोरून मोकाट कुत्री आली तर मी रस्ता बदलते, बंडूची ताकद दाखवायला थांबत नाही. उन्हाळ्यात डांबरावर पालथा हात सात सेकंद टेकवून बघते, चटका बसला तर बाहेर नाही.

मुलं, फाटक, सण

मूल आणि कुत्रा कधीही एकटे नकोत, आपण दुधाखालचा गॅस बंद करायला गेलो तेवढा वेळसुद्धा. सुताराकडून आम्ही स्वयंपाकघराला कमरेएवढं अर्धं दार करून घेतलं, पाहुणे आले की बंडू आत. मुलांना तीन गोष्टी शिकवते: जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, आणि कुत्रा धावत आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं.

फाटकाला दोन कड्या, आणि दूध, कुरिअर, गॅस यांच्यासाठी बाहेर घंटा. दूध घालणारा मुलगा आता घंटा वाजवून पिशवी अडकवतो. दिवाळीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत बंडू आतल्या खोलीत असतो, खिडकी बंद, पंखा जोरात, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. घाबरलेला कुत्रा भिंत चढून जातो, आणि रस्त्यावर सुटलेल्या रॉटवायलरला काठीशिवाय कुणी भेटत नाही.

रेबीजची लस दरवर्षी, नगरपालिकेचा परवाना फाइलला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तरीही दात लागले तर

वाद घालू नका. कुत्रा आत बांधा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. लगेच दवाखाना, त्याच दिवशी रेबीजचं पहिलं इंजेक्शन. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजचं सीरम (तयार प्रतिपिंडांचं औषध) द्यावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. "आमच्या कुत्र्याला लस दिलीय" म्हणून समोरच्याला घरी पाठवू नका. सोबत जा, खर्च तुम्ही करा, दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा आणि काय दिसतं ते त्या घरी कळवत राहा.

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. बंडू कशाला घाबरतो, कोणत्या शब्दाला थांबतो, मुसकी कुठे टांगलेली असते, डॉक्टरांचा नंबर. सगळ्यात वर, लाल शाईत, हमालाची आणि दूध घालणाऱ्या मुलाची गोष्ट तारखेसकट लिहिली आहे. आम्हा दोघांना काही झालं तर बंडू माझ्या धाकट्या बहिणीकडे कोरेगावला जाणार, हे तिच्याशी बोलून ठरलंय. दर महिन्यातला एक रविवार ती येते आणि दोरी तिच्या हातात असते.