महजरावरचा नांगर: जुन्या कागदांत आपल्या गावाची निशाणी कशी शोधायची

मोरावियातल्या चेक खेड्यांच्या जुन्या शिक्क्यांवर नांगराचा फाळ कोरलेला आढळतो आणि त्यातूनच कित्येकांचं आजचं गावचिन्ह तयार झालं. आपल्याकडे तोच नांगर महजरावर, म्हणजे गावसभेने दिलेल्या निवाड्याच्या साक्षीदारांसह लिहिलेल्या कागदावर, पाटलाच्या नावापुढे सहीऐवजी शाईने काढलेला सापडतो.

आधी गावाचा पुरता पत्ता काढा: मौजे (गाव), तर्फ (गावांचा गट), प्रांत. नुसतं ‘वडगाव’ घेऊन गेलात तर पुण्याच्या आसपासच चार वडगावं पुढ्यात येतील. बुद्रुक की खुर्द, हेही पक्कं करून घ्या. मग पेशवे दफ्तरात, म्हणजे पुणे पुरालेखागारात, किंवा सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. दफ्तरातले कागद रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले असतात, म्हणून रुमालाचा क्रमांक पहिल्याच दिवशी टिपून ठेवा.

महजर हाती आला की आधी साक्षींचा भाग गाठा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे पहिल्या ओळीपासून वाचत बसलं की नवखा माणूस दमतो. ‘निशाणी’ हा शब्द एकदा नजरेत बसला की पुढचं भराभर लागतं. पाटलाचा नांगर, शेट्याचा (बाजारपेठेच्या प्रमुखाचा) तराजू, न्हाव्याचा आरसा; सुतार-लोहारांचं आपापलं हत्यार. नांगर म्हणजे बहुधा दोन-तीनच फटकारे असतात: एक लांब तिरकी रेघ आणि खाली हुकासारखा वाक. पुष्कळजण त्याला मोडी अक्षर समजतात, नाहीतर शाईचा डाग समजून सोडून देतात.

दोन नांगर दिसले तर त्यांचा क्रम जसाच्या तसा उतरवा. पाटीलकी वाटली गेली की कुणाचा नांगर वर आणि कुणाचा खाली, हाही मानपानाचा भाग असे आणि वाटणीपत्रात तो नोंदवला जाई. गावातल्या दोन घराण्यांचा इतिहास कधीकधी एवढ्या दोन रेघांत असतो!

चित्र नसून नुसतं ‘निशाणी नांगर’ लिहिलं असेल, तर हातातला कागद बहुधा नक्कल आहे. अस्सल कागद लांब असला तर तुकडे चिकटवून केलेला असतो. मागच्या बाजूला सांध्यावर शिक्का आहे का ते पाहा. मधला तुकडा बदलता येऊ नये म्हणून तो तिथे उठवत.

खरी चूक होते ती तारखेत. मराठी कागदांतला शुहूर सन (जुनी कालगणना) अरबी शब्दांत लिहितात, एकं आधी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. वर्ष मृगाला बदलतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून पानिपतचा जानेवारी १७६१ याच सनात येतो. ‘सीत’ म्हणजे ६ आणि ‘सितैन’ म्हणजे ६०. इथे घाई केली तर कागद अर्धशतक सरकतो. तारखेआधीचा ‘छ’ चंद्राचा, म्हणजे पुढचा महिना मुसलमानी.

निशाणीची नक्कल काढताना शेजारी मोजपट्टीची खूण ठेवा आणि खालीच रुमाल क्रमांक लिहा. अस्सल कागदावर ट्रेसिंग ठेवून गिरवू नका, जुनी शाई आणि कागद दोन्ही दाबाने सुटतात.